कच्चे टाके

झगा चार बोटं जास्त लांब होता आणि चर्चचे सेक्रेटरी म्हणत होते, कापायचा नाही.

"मागच्यासारखेच कच्चे टाके घाला, मावशी. जरा घट्ट घाला म्हणजे झालं." मावशींच्या शिवणाच्या दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर ते पाय पसरून बसले होते. "आधीच्या पाळकांच्या मापाचा आहे. सहा फुटी माणूस, काय शोभायचा त्यांना. पुढच्या पाळकाला लागेल."

आत्ताची पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, समोरच उभी होती. तोच झगा अंगात घालून, दोन्ही हातांनी वर धरून. तिच्या देखत पुढच्याची सोय चालली होती.

चर्चचं सगळं शिवणकाम सव्वीस वर्षं मावशींकडे होतं. गाणाऱ्यांचे झगे, मेजावरची चादर, पडदे. शिवायला बाई, धुवायला बाई, फरशी पुसायला, फुलं लावायला, आजाऱ्याच्या उशाशी बसायला बाई. त्यातली एक वेदीच्या तीन पायऱ्या चढून वर उभी राहिली, तर अख्ख्या मंडळीला एकदम तिची उंची दिसायला लागली. मावशी तरी कुठे धुतल्या तांदळाच्या होत्या. 'पाळक बाप्या माणूसच बरा,' असं त्याही शेजारणीला म्हणून चुकल्या होत्या.

"पाळकीणबाई, हलू नका."

"पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको, मावशी. माझा नवरा एक्सरे काढतो."

"मग काय म्हणू?"

"ताई म्हणा. काय म्हणायचं ते माझ्या आईचंही अजून ठरत नाहीये."

मावशींना हसू आलं. सेक्रेटरींना आलं नाही.

"रविवारी सगळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले. "प्रभुभोजनाचा पेला हातात, आणि बाई पायरीवर गुडघे टेकून. येत्या रविवारी कमिटी बसतेय, यांना ठेवायचं की नाही ते ठरवायला. लोक म्हणतात, झेपत नाही. मी नाही म्हणत, लोक म्हणतात."

त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत दाराबाहेर गेले.

मावशी खाली बसल्या, झग्याची कड उलटी करून पाहिली. दुमड हातभर सुटून लोंबत होती. धावदोरा मधेच तुटलेला. त्यांच्याच हातचा. कड आणखी वर केली तर ताईंची नडगी दिसली. निळीजांभळी, पंजाएवढी.

"माझे टाके उसवले म्हणून पडलात तुम्ही."

"पडले कुठे, टेकले. पेला नाही सांडू दिला."

"मग कमिटीला सांगायचं ना, शिलाई सुटली म्हणून."

"तुमचं नाव निघालं असतं. सव्वीस वर्षांत कधी निघालं नाही म्हणतात."

मावशींनी सुयांच्या उशीतल्या चार टाचण्या उपसून ओठांत धरल्या, काही बोलावं लागू नये म्हणून.

अंगावरचा कपडा कोणी कापत नाही. तो काढायचा, टेबलावर पसरायचा, खडूने खूण करायची, दोनदा मोजायचा, मग कात्री. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मावशी पहिल्या दिवशी हेच सांगत. त्यांनी टाचण्यांनी उंची धरली, दुमडीपुरतं कापड राखलं आणि मोठी कात्री उचलली.

आवाज ऐकून सेक्रेटरी फोन कानाला तसाच धरून आत आले.

"अहो मावशी, कापू नका म्हटलं होतं ना. पुढच्याला आखूड होईल."

"पुढच्याला माझ्याकडे पाठवा. त्याचं माप घेईन." मावशी गुडघ्यांवर सरकत ताईंभोवती फिरत होत्या. कात्री थांबली नाही.

"गाणाऱ्यांचे झगे मग दुसरीकडे शिवायला टाकावे लागतील."

"टाका. आणि कमिटीत सांगा, टाका माझा सुटला होता. कच्चा घाला असं तुम्ही म्हणालात आणि मी घातला. तुमच्याच्याने सांगवत नसेल तर मी येते."

सेक्रेटरींनी ताईंकडे पाहिलं. ताई खाली, मावशींच्या पांढऱ्या भांगाकडे बघत होत्या. फोनमधलं माणूस हॅलो हॅलो करत राहिलं.

फेरा पुरा झाला. काळी पट्टी सुटून ताईंच्या पावलांभोवती गोल पडली. मावशी हाताचा टेकू घेऊन उठल्या.

"चालून दाखवा."

ताईंनी सवयीने झगा दोन्ही हातांनी वर उचलला.

"सोडा तो," मावशी म्हणाल्या. "हात मोकळे ठेवा. पेला धरायचाय."