राहिलेला नाच

"गाडी थांबली की पाखरू उडतंय," कडूबाई म्हणाली आणि तिनं बैलांना हलकेच हाकललं. "तुमी बसल्या जागी बसा, आण्णासाहेब. म्या फिरवत फिरवत नेते."

सोनारीच्या माळावर भाद्रपदातलं गवत गुडघ्याला लागत होतं. त्या गवतात, दोन शेतं पलीकडं, एक उंच पांढरी मान उभी होती. माळढोक. पायी माणूस दिसला की तो लांब जातो, बैलगाडीला मात्र भीत नाही. म्हणून गाडी त्याच्याभोवती गोल फिरवायची आणि दर फेरी थोडी आतून घ्यायची. ही युक्ती कडूबाईच्या नवऱ्याची, भीमाशंकरची. बार्शीच्या आण्णासाहेबांना त्यानं कितीतरी पावसाळे असंच फिरवलं होतं. आण्णासाहेबांचा फोटोचा स्टुडिओ. लग्नामुंजीचे फोटो काढून जीव विटला की ते पहिली एस.टी. धरून इकडं यायचे. उभा माळढोक, उडता माळढोक, अंड्यावर बसलेली मादी, सगळं त्यांना मिळालं. नाचता नर तेवढा राहिला. मग बहात्तरचा दुष्काळ आला, माळावर काडी उरली नाही, पाखरं गेली आणि आण्णासाहेबांचं येणंही तुटलं.

भीमाशंकर गेल्या मार्गशीर्षात वारला. शेवटी शेवटी एकदा म्हणाला होता, "सायबांचा नाच राह्यला बग."

यंदा पाखरू परत आलं. पण दसऱ्यानंतर माळावर सोसायटीचा ट्रॅक्टर फिरणार होता. पाणी येणार, ऊस लागणार. सोसायटीच्या संमतीच्या कागदावर कडूबाईनंही अंगठा दिला होता. ज्यानं तो दुष्काळ पाहिला, तो पाण्याला नाही म्हणत नाही. अंगठा देऊन आली त्याच दिवशी तिनं शाळेच्या मास्तरांकडून बार्शीला कार्ड लिहून घेतलं. पाखरू आलंय, बिगीनं या.

चौथ्या फेरीला नरानं मान मागं टाकली. गळ्याची पिशवी फुगत गेली आणि पांढरीशुभ्र, पार पायांपर्यंत लोंबली. शेपूट पाठीवर उलटलं. हुम्म... असा आवाज माळभर घुमला.

"काढा, काढा!" कडूबाई कुजबुजली.

खटका वाजेना. तिनं मागं वळून पाहिलं. आण्णासाहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता, पण रोखला होता तो बोरीच्या झुडपावर.

"तिकडं न्हाय, आण्णासाहेब. उजवीकडं."

भिंग उजवीकडं गेलं, पाखरावरून पुढं सरकलं आणि आभाळाला लागलं. आण्णासाहेबांनी कॅमेरा मांडीवर ठेवला.

"मला नुसतं पिवळं पिवळं दिसतंय, कडूबाई. लांबचं काही उमटत नाही आता. दोन वर्षं झाली."

"मग आलात कशापायी एवढ्या लांब?"

"भीमाशंकरच्या घरचं कार्ड आलं," ते म्हणाले. "न येऊन कसं चालेल?"

बैल चालतच होते. हुम्म, पुन्हा आवाज आला.

"तुम्ही काढा," आण्णासाहेब एकदम म्हणाले.

"म्या? माझ्या हाताला कासरा कळतो, हे न्हाय कळत."

"कासरा मी धरतो. घ्या. ही चकती फिरवा, पिसं मोजता येतील इतकं स्वच्छ होईपर्यंत. मग श्वास धरा आणि हे दाबा."

कडूबाईनं कॅमेरा डोळ्याला लावला. आधी नुसतं धुकं. चकती फिरली आणि पाखरू हातभर अंतरावर येऊन उभं राहिलं.

इतक्या वर्षांत तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. ती भाकरी बांधून द्यायची, गाडी जायची, संध्याकाळी यायची. मग भीमाशंकर अंगणात उभा राहायचा. पटक्याचं टोक सोडून गळ्यावरून गुडघ्यापर्यंत लोंबतं सोडायचा, मान मागं टाकायचा, हात पाठीमागं पसरायचा, गाल फुगवून हुम्म करायचा आणि अंगणातल्या चुलीभोवती एक एक पाय मोजून टाकायचा. पिठाचे हात तोंडावर धरून ती हसायची. पुरं करा, शेजारची माणसं बघत्यात, म्हणायची. तिला वाटायचं, हा पदरचं घालतोय.

त्यानं काहीच पदरचं घातलं नव्हतं. तीच मान, तेच जपून टाकलेलं पाऊल.

पुन्हा धुकं आलं. तिनं चकती फिरवली, धुकं जाईना. तेव्हा तिनं पदरानं डोळा पुसला, श्वास धरला आणि दाबलं.

पिशवी विरली, मान सरळ झाली. गवतातून मादी पुढं निघाली होती, नर तिच्या मागं गेला आणि दोघं दिसेनासे झाले.

"आला का?"

"दाबलं बगा. आला असंल."

"कसा होता? सांगा ना."

कडूबाईनं सांगायला तोंड उघडलं. मग तीच गाडीत उठून उभी राहिली. पन्नाशीची बाई, चालत्या गाडीत. पदराचा सोगा गुडघ्यापर्यंत मोकळा सोडला, मान मागं टाकली, हात पाठीमागं पसरले, गाल फुगवले.

"हुम्म!"

बैलांनी कान टवकारले. आण्णासाहेब मान वर करून, डोळे बारीक करून आभाळावर उमटलेल्या तिच्या आकाराकडं बघत राहिले. मग ते हसू लागले.

"मला करून दाखवताना भीमाशंकर मान जरा डावीकडं झुकवायचा," ते म्हणाले.

कडूबाईनं मान डावीकडं झुकवली.