अकराव्या दिवसाचा हिरवा ठिपका

"तो हिरवा ठिपका पुसून टाक," सरांनी फोटो माझ्याकडे सरकवला. उंदराच्या अकरा दिवसांच्या गर्भातली पिट्युटरी ग्रंथी होती ती. तिच्यातलं, रंग लावल्यावर हिरवं चमकणारं प्रथिन चौदाव्या दिवसाआधी तयारच होत नाही, असं सरांनी वीस वर्षांपूर्वी छापलं होतं. "उगाच रंग चिकटलाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मायक्रोस्कोपशेजारी बारा स्लाइड मांडल्या. सगळे गर्भ अकरा दिवसांचेच, रंगही तोच. त्यांतले सहा मात्र हे प्रथिन बनवूच न शकणाऱ्या उंदरांचे. लेबलांवर मी चिकटपट्टी लावली होती.

"चमकणाऱ्या वेगळ्या काढा, सर."

त्यांनी सहा काढल्या. मी एकेक पट्टी सोलली. सहाच्या सहा साध्या उंदरांच्या निघाल्या. रंग नुसताच चिकटला असता तर बाकीच्याही चमकल्या असत्या, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

सरांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. मग म्हणाले, "हे छापणार असशील तर त्या पेपरवर माझं नाव येणार नाही."

मी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "तेवढं लिहून द्या, सर. कारणासकट."