पासिंगपुरता सायलेन्सर

"सोमवारी परत आण हं," लॅमार ट्रकच्या पोटाखालूनच म्हणाला. "याची वाट बघणारे गावात पुष्कळ आहेत."

व्हर्ल हसला. लॅमारच्या गॅरेजमधला हा सायलेन्सर अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता. कंपनीचा नव्हे, बाजारातून आणलेला, पण धूर गाळणाऱ्या डब्यासकट कायद्यात चोख बसणारा. पासिंग जवळ आलं की जो तो आपला मोकळा पाईप उतरवायचा, हा चढवायचा आणि तपासणीवाल्यासमोर साळसूद चेहऱ्याने उभा राहायचा. कागद हातात पडला की पुन्हा आपला पाईप लावून खोरं दणाणून सोडायचा. एवढ्या परीक्षा पास झालेला दुसरा प्राणी त्या गावात नव्हता.

व्हर्लचा पाईप तर सगळ्यांत नामांकित. त्याचा डिझेल ट्रक गवताचे भारे घेऊन घाट उतरू लागला की खालच्या वस्तीतल्या कपबशा थरथरत. दिवसभर त्या दणदणाटात बसून त्याचं डोकं भणभणायचं, म्हणून घरी मात्र त्याला शांतता लागे. ती मिळतही असे. तो दारात पाऊल टाकी तेव्हा कोको गरम असे, टीव्ही बंद असे, पोरगी पुस्तकात असे. घर असावं तर असं, हे त्याने लॅमारला कितीदा तरी ऐकवलं होतं.

नट आवळता आवळता लॅमारने घरची खबर विचारली. बायको मजेत होती. पोरीचं मात्र व्हर्लला काही कळत नव्हतं. ब्रिनली आता हायस्कूलला जाईल, पण जेवताना 'हो', 'नाही', 'ठीक' यापुढे तिची गाडी जात नव्हती. माझ्या आईवर गेलीय, मुखदुर्बळ आहे, असं तो सगळ्यांना सांगे. खरं तर त्याला ते खुपत होतं. रिकाम्या रस्त्यावर ट्रक हाकताना या पोरीच्या डोक्यात चालतं तरी काय, याचाच तो विचार करत बसे. दुसऱ्या कशाचा इतका छडा लावावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तपासणीवाल्याने खाली वाकून बघितलं, पाईपच्या तोंडात बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं. ट्रक पास झाला.

घरी जाताना व्हर्लला मोठी गंमत वाटायला लागली. ट्रक चालू होता आणि तरीही किल्ल्यांचा जुडगा किणकिणताना ऐकू येत होता. कडेच्या पाटाचं पाणी ऐकू येत होतं. सीटची स्प्रिंग कुरकुरत होती. हे सगळं आधीपासूनच वाजत होतं की काय, असं त्याच्या मनात आलं. त्याने काच आणखी खाली केली.

मागच्या दाराशी त्याने ट्रक उभा केला. कोणी डोकावलं नाही. ओसरीत बसून तो बूट काढू लागला, तोच आतून बँजो वाजला.

कोणीतरी पाहुणी आली होती. बँजो थांबवून ती काहीतरी सांगत होती. रविवारी प्रार्थना ऐन रंगात आलेली असताना चर्चमधल्या म्हाताऱ्या बिशपला शिंक कशी आली, ती त्याने कशी दाबली, आणि तरी ती कुठून कशी बाहेर पडली, याची नक्कल चालली होती. आर्डिथ हसता हसता खोकायला लागली. बायको इतकी हसू शकते हे व्हर्ल विसरूनच गेला होता. मग पुन्हा बँजो, आणि त्यावर मोकळ्या गळ्याचं गाणं. कुणाची असेल ही पोर? एका हातात बूट धरून तो कान देऊन ऐकत राहिला. आपल्या ब्रिनलीला हिची संगत लागायला हवी, असं त्याला मनापासून वाटलं.

"बास गं आता," आर्डिथ म्हणाली. "ठेव तो बँजो कोठीत, साठवणीच्या गव्हाच्या बादल्यांमागे. बाबा येतील."

"अजून कुठे, आई?" पाहुणी म्हणाली. "ट्रक वाजला का?"

व्हर्ल होता तिथेच बसून राहिला. त्याला लाज वाटली. पण उठवेना, कारण तिने आणखी एक गाणं सुरू केलं होतं. ते संपेपर्यंत तो थांबला. मग बूट हातात घेऊनच तो ट्रकमध्ये चढला, आवाज न करता फाटकापर्यंत मागे गेला आणि तिथून हॉर्न वाजवला.

तो घरात शिरला तेव्हा कोको गरम होता, टीव्ही बंद होता आणि ब्रिनली पुस्तकात डोकं घालून बसली होती. कसा गेला दिवस, असं त्याने विचारलं. ठीक, ती म्हणाली.

"आज माझं डोकं अजिबात दुखत नाहीये," तो उगाचच म्हणाला. पोरीने मान वर करून आईकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

सोमवारी लॅमारने त्याचा जुना पाईप पुसूनबिसून तयार ठेवला होता. व्हर्लने तो भंगारात टाकायला सांगितला. हा सायलेन्सर मला विकत दे, गावासाठी तू दुसरा आण, असंही म्हणाला.

लॅमार बघतच राहिला. "लेका, डोकं ठिकाणावर आहे ना? पासिंग झालं की. आता कशाला हे लोढणं?"

"घरी एक पोरगी येते," व्हर्ल म्हणाला. "काय बोलते, काय गाते. पण माझा ट्रक वाजला की निघून जाते."