स्टेपनीची जागा

स्टेपनी सीटवरून निघता निघेना. अमजदनं एक पाय दाराला रेटून हिसडा दिला, तशी ती रेक्झिनचा टवका घेऊनच सुटली आणि गडगडत पौडच्या एस्टी स्टँडसमोरच्या धुळीत जाऊन आडवी पडली. सीटवर टायराचा काळा गोल उमटला होता. खांद्यावरच्या फडक्यानं अमजद तो घासत राहिला.

गाडीखालून जयसिंग वेल्डरचे नुसते पाय दिसत होते. हौद्याखाली स्टेपनी अडकवायची लोखंडी चौकट असते. अमजदच्या पिकअपची ती चौकट पिरंगुटच्या घाटात दगडाला थडकून मोडली होती, आणि उरलेला तुकडा तसाच लोंबत गंजला होता. जयसिंगनं तो कापून काढला, जाड पट्टीची नवी चौकट बसवली आणि टायर वर चढवून नट आवळले.

"एवढ्याशा कामाला एवढं दिस लावलं व्हय?" बाहेर येत तो म्हणाला. "आता बसवा पुढं कुनालातरी ऐसपैस."

अमजद हसला. तेवढ्यासाठीच तर तो आला होता.

ही जुनी पिकअप रोज पहाटे आसपासच्या वाड्यांवरची भाजी घेऊन पुण्याच्या मंडईला जायची. बायका आपापल्या पाट्यांसकट मागं हौद्यात बसायच्या. पुढं अमजदच्या शेजारी त्याची बायको कमरबी, मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन. एकदा तिचं तोंड सुरू झालं की बावधन कधी मागं पडलं ते कळायचं नाही. मग काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. तिचा चाळिसावा झाला, त्याच आठवड्यात चौकट मोडली. टायर हौद्यात टाकावा तर पाट्या चेपणार, म्हणून अमजदनं तो पुढच्या सीटवर टाकला. उद्या बघू, उद्या बघू म्हणत तो तिथंच राहिला.

घर खायला उठायचं म्हणून अमजद लवकर गाडी काढायचा, तर गाडीतही तीच गत. मागून बायकांच्या हसण्या-खिदळण्याचा आवाज यायचा आणि शेजारी टायर. टायर कधी उलट बोलत नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण अमजदचा जीव उलट बोलणाऱ्या माणसासाठीच तर तुटत होता. बायका चढता-उतरता दोन शब्द बोलायच्या, तेही चाचरत. यांची सगळी माया कमरबीवर होती, त्याला वाटायचं, आपण नुसते गाडी हाकणारे. मग तोच मनाची समजूत घालायचा, की टायर आडवा येतो म्हणून कुणी पुढं येत नाही. टायर हलवला की खरं काय ते कळलं असतं. कदाचित त्या भीतीनंच काम एवढं लांबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फाट्यावर गाडी थांबवून त्यानं पुढचं दार स्वतः उघडून धरलं. बायकांनी रिकाम्या सीटकडं पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं आणि एकेक करून सगळ्या मागं हौद्यात चढल्या. शेवटी राहिली धोंडाबाई. म्हातारीचे गुडघे गेलेले, तरी मेथीची पाटी वर देऊन तीही हौद्याच्या फळीला धरून लोंबकळू लागली. अमजदनं हाक मारली.

"धोंडाबाई, पुढं जागा हाय की! मी काय खातुया व्हय तुमाला?"

धोंडाबाईनं पाय खाली घेतला. "तितं कशी बसू, अमजदभाई? ती कमरभाभीची जागा. एस्टीत रुमाल टाकून जागा धरत्यात, तशी तुमी टायर टाकून धरलीया. समद्यास्नी ठावं हाय. नव्या सुना येत्यात, त्यास्नी बी आमी आदीच सांगून ठिवतो, पुढं बसायचं न्हाई म्हनून."

अमजद दार धरून उभाच राहिला. इतके दिवस ज्याला तो दुरावा समजत होता, तो त्याच्या दुःखाचा राखलेला मान होता. सगळ्या वाडीनं मिळून राखलेला. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलेही नाहीत.

"आज टायर न्हाई," धोंडाबाईनं हलकेच विचारलं. "सोडली का जागा?"

सोडली म्हणायला जीभ रेटेना. नाही म्हणावं, तर पुण्यापर्यंतचा रस्ता पुन्हा एकट्याचा, आजचा आणि उद्याचाही.

"सोडली न्हाई," तो म्हणाला. "पर तुमी बसा. ती असती तर तुमाला हौद्यात चढू दिलं असतं व्हय?"

धोंडाबाईनं पदर खोचला. अमजदच्या हाताचा आधार घेऊन ती पुढच्या पायरीवर चढली आणि सीटपाशी जरा थांबली.

"सरक गं भाभी जराशी," ती म्हणाली, आणि मग दाराला चिकटून बसली.