मुक्तिदिनाची मिरवणूक

पंचवीस एप्रिल, इटलीचा मुक्तिदिन. बोलोन्यातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घराला मात्र बाहेरून कुलूप होतं. "आई हल्ली रस्ता विसरते," असं म्हणून मुलगा बायकोपोरांना घेऊन समुद्रावर गेला होता. आत ओर्नेलाबाई आणि त्यांना सांभाळणारी मिरजेची सुलक्षणा, दोघीच.

ओर्नेलाबाई दरवर्षी मिरवणुकीत चालायच्या. आजही त्यांनी सकाळीच गळ्यात लाल रुमाल बांधला. पुन्हा पुन्हा दाराची मूठ फिरवून पाहिली आणि शेवटी मुकाट्यानं बाल्कनीत जाऊन बसल्या.

बँड वाजवत मिरवणूक खालच्या रस्त्यावर आली. जुन्या मैत्रिणींनी वर पाहिलं.

"ओर्नेला, खाली ये की! नंतर बागेत सगळ्यांचं जेवण आहे!"

दाराला कुलूप आहे, असं सुलक्षणा ओरडून सांगणारच होती. ओर्नेलाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"गुडघा दुखतोय गं! तुम्ही व्हा पुढे!" त्या हसत ओरडल्या आणि मिरवणूक वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिल्या.

"खरं का नाही सांगितलंत?" सुलक्षणानं विचारलं.

"त्या सगळ्यांनी माझ्या लेकाला अंगाखांद्यावर खेळवलंय," ओर्नेलाबाई म्हणाल्या.