आता कुठं वळायचं

मेडिकलच्या कोपऱ्यावर आबा थांबले आणि त्यांनी पाच वर्षांच्या नातीला विचारलं, "आता कंच्या बाजूला गो बाय?"

दीक्षाने डावीकडे बोट दाखवलं. आबा तिचा हात न धरता तिच्यामागून चालू लागले.

शहाळ्यांच्या गाडीआड, खांद्यावर बाळ घेऊन उभी असलेली संघप्रिया हे सगळं बघत होती. तीस वर्षं ऐरोलीत काढलेले तिचे सासरे शाळेपासून घरी यायचा रस्ता नातीला विचारत होते. ती लपतछपत मागे यायला लागली त्याचा आज तिसरा दिवस. तिन्ही दिवस हेच.

महिन्याभरापूर्वी दीक्षाला आणायचं काम आबांनीच मागून घेतलं होतं. तू पड जरा, म्हणाले होते. चार महिन्यांच्या बाळापायी तिला तासभरही सलग झोप नव्हती, त्यामुळे तिला बरंच वाटलं होतं. आता मात्र दीक्षा रोज काहीतरी सांगायची. आज आबांना बिल्डिंगचं नाव आठवलं नाही, मी सांगितलं. आज पप्पांचा नंबर विसरले, मी दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले.

तिने नवऱ्याला कामावर फोन केला. चंद्रशेखर हसला. रबाळ्याच्या त्यांच्या जुन्या कंपनीतल्या सगळ्या कामगारांचे टोकन नंबर आबांना अजून तोंडपाठ आहेत, उगाच टेन्शन घेऊ नकोस, म्हणाला.

हेच तर तिला कळत नव्हतं. दुपारी जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, परवा भाजी कुठली होती?

"वालाची," आबा म्हणाले. "मीठ जरा चढलं होतं."

खरंच चढलं होतं. घरात सगळं लक्षात ठेवणारा माणूस रस्त्यावर गेला की सगळं विसरत होता. तिला सारखा शाळेच्या वाटेवरचा सिग्नल दिसायचा, आणि एकटीच पुढे चाललेली दीक्षा.

संध्याकाळी तिने विचारलंच. "आबा, घरचा रस्ता विसरायला होतं का तुम्हाला?"

आबा पाळण्याची दोरी ओढत राहिले. मग म्हणाले, "वय झालं गो."

तिला वाईट वाटलं, पण माघार घ्यायची नव्हती. "मग उद्यापासून दीक्षाला मी आणेन. बाळाला घेऊन जाईन."

"बरं. मी येतो मागनं."

"नको आबा. मी एकटीने कुणाकुणाकडे बघू?"

चित्र रंगवणाऱ्या दीक्षाने खडू खाली ठेवला. आबा तिच्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. पण ती उठून आईच्या गळ्यात पडली.

"तूच आण मला. त्या दिवशी दवाखान्यात लस टोचून झाल्यावर तू बाळाला घेऊन रिक्षात बसलीस आणि मी तिथे बाकावरच राहिले ना, आबांनी शोधून घरी आणलं तेव्हा तू झोपली होतीस. तेव्हा मला रस्ता येत नव्हता. आता येतो."