दारात उभा नवरा
माणसाला लिहिताही येत नव्हतं, तेव्हाचं ते दगडी देऊळ. वर्षातून एकाच सकाळी उगवतीची तिरीप दारातून शिरते आणि गाभाऱ्यातल्या शिळेवर पळभर टेकते. त्यावेळी आत एकालाच प्रवेश. यंदाच्या सोडतीत हेडबाईंचं नाव निघालं. आठवडाभर त्यांना झोप नव्हती. घाटातून गाडीही त्यांनीच चालवली. नवरा शेजारी करवादत होता. आता बाई शिळेपुढे श्वास रोखून उभ्या होत्या. तिरीप आली आणि नवरा मुद्दाम दारात उभा ठाकला. "अहो, सरका ना!" "दगडच बघायचाय ना? बघ!" शिळेवर त्याची ढेरपोटी सावली पडली. ऊन सरकल्यावरच तो हलला. "झालं समाधान? चल, चहा पाज." बाईंनी गाडीत बसून दारं लॉक केली, काच बोटभर उतरवली. "उभंच राहायचंय ना? राहा आता. हे दगड हजारो वर्षं उभे आहेत, एकाचीही तक्रार नाही."